शिडाच्या बोटीवर विणकाम आणि सूतकताई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर उन्हाळ्यात आम्ही स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओबानहून साडेनऊ मीटरच्या शिडाच्या बोटीने निघतो आणि दोन-तीन आठवडे मल, आयोना, जुरा या बेटांच्या आसपास हिंडतो. बोट नवऱ्याची, लोकरीची पिशवी माझी. त्या पिशवीबद्दल ग्लासगोपासून पुण्यापर्यंतच्या मराठी मंडळींकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडनिडे नंतर.

१. ऐन उन्हाळ्यात लोकर? उकडत नाही का?

इथला जुलै म्हणजे महाबळेश्वरची डिसेंबरातली सकाळ, तीही दिवसभर. पारा १३ ते १७ अंशांत घुटमळतो. समुद्राचं पाणी त्याहून थंड, आणि वारा अंगावर आला की जुलैतही सगळ्यांच्या डोक्यावर लोकरीच्या टोप्या चढतात. त्यामुळे मांडीवर अर्धवट विणलेला स्वेटर असणं हे इथे ओझं नसून पांघरूण आहे. शिवाय जूनअखेरीस रात्री दहा वाजून गेले तरी उजेड असतो. विणणारीला आणखी काय हवं!

२. बोटीवर कामं नसतात का? विणायला वेळ कसा मिळतो?

कामं असतात, पण ती झटक्यात येतात. दहा मिनिटं दोर ओढा, शीड ताणा, गाठी मारा, मग तासभर नुसतं बसा. ओबानहून मल बेटावरचं टोबरमोरी बंदर साधारण २४-२५ सागरी मैल. वारा बरा असेल तर पाच तासांचा पल्ला. त्यात दोघं असाल तर एकाच्या हातात सुकाणू, दुसऱ्याचे हात मोकळे. मलच्या सामुद्रधुनीत लाटा फारशा नसतात, म्हणून माझा तिथला हिशोब मोज्यांत आहे: टोबरमोरी म्हणजे एका मोज्याची टाच.

कालव्यांचं मात्र वेगळं. क्रिनन कालवा जेमतेम १४ किलोमीटरचा, १८०१ साली सुरू झालेला, पण त्यात १५ लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारी दरवाजांची कुंडं. दरवाजे ढकला, दोर धरा, पाणी चढलं की दोर आवळा, की पुढचं लॉक हजर. त्या दिवशी पिशवी उघडूच नये. कॅलेडोनियन कालव्यात २९ लॉक आहेत खरे, पण मध्ये लांबच लांब सरोवरं लागतात. त्यातलं नेसचं सरोवर तर ३६ किलोमीटर. त्यात राहतो म्हणतात तो राक्षस दिसला नाही, पण एक अख्खी बाही झाली.

३. मला बोट लागते. विणलं तर त्रास वाढेल का?

खरं सांगायचं तर हो, वाढू शकतो. कान म्हणतो आपण हलतोय, डोळे म्हणतात आपण दीड वीत अंतरावरच्या स्थिर टाक्यांकडे बघतोय. या भांडणातच पोट ढवळतं. बोटीत बसून पुस्तक वाचणं जितकं वाईट, तितकंच टाके मोजणं वाईट.

यावर उपाय म्हणजे न बघता विणणं. घरी टीव्ही बघताना, अंधारात, गप्पा मारताना नुसते सुलट टाके विणायचा सराव करा. बोटांना सुई कळायला लागली की डोळे क्षितिजावर ठेवता येतात. खालच्या केबिनमध्ये बसून विणू नका. उघड्या कॉकपिटमध्ये, म्हणजे वर सुकाणूजवळच्या बैठकीत बसा. जांभया यायला लागल्या, तोंडाला पाणी सुटलं, की ती सूचना समजा आणि सुया ठेवा. "एवढी ओळ संपवते" म्हणणाऱ्या बायका मी बोटीच्या कडेला ओणव्या झालेल्या पाहिल्या आहेत. त्यात एकदा मी होते.

गोळी घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि बंदर सोडण्याआधी घ्या. ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

४. पहिल्यांदाच जातेय. विणायला काय घेऊ?

जे ओळीच्या मधेच, टाक्याच्या मधेच, बघायलाही न थांबता टाकून उठता येईल ते. माझा हा एकच निकष आहे, आणि या पानावरची बाकीची बहुतेक उत्तरं त्यातूनच निघतात. "बोट वळवतोय!" अशी हाक आली की तुमच्याकडे तीन-चार सेकंद असतात. तेवढ्यात काम पिशवीत कोंबून दोर धरता आला पाहिजे. त्या वेळी जर तुम्ही "थांब, सतरावा टाका आहे" म्हणालात तर चूक तुमची.

मोजे सगळ्यांत उत्तम. ६४ टाके, अडीच मिलिमीटरची सुई, गोल गोल सुलट. कुठे थांबलात ते लक्षात ठेवावं लागत नाही. टोपी, साधा मफलर, बाळाचं चौकटींचं पांघरूण हेही चालतं. स्वेटरचं अंग गोल सुईवर चालतं, पण गळ्याची आखणी घरी ठेवा.

वाऱ्याचा हिशोब असा: ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मापाने ३ म्हणजे ७ ते १० नॉट (तासाला तितके सागरी मैल), तेव्हा जे आवडेल ते विणा. ४ म्हणजे ११ ते १६ नॉट, तेव्हा फक्त मोजे. ५ लागला, म्हणजे १७ नॉटच्या वर, की पिशवी खाली. सकाळी रेडिओवर समुद्राचा हवामान अंदाज लागतो. त्यात मालिन आणि हेब्रिडीज या आमच्या दोन विभागांची पाळी आली की नवरा नकाशा उघडतो आणि मी आज काय विणायचं ते ठरवते.

५. सुया कोणत्या घ्याव्यात? आईच्या जुन्या लांब स्टीलच्या सुया चालतील?

आईच्या सुया घरी जपून ठेवा. लांब सरळ सुयांची टोकं शेजारच्याच्या बरगडीत जातात, आणि एक निसटली की फळ्यांच्या फटीतून थेट बोटीच्या तळात. तिथून ती काढण्यात माझी एक दुपार गेली आहे. गोल सुई घ्या. दोन्ही टोकं एकाच तारेने जोडलेली असल्यामुळे सुई हरवत नाही, आणि काम सोडलं तर टाके तारेवर सरकवून ठेवता येतात.

बांबूच्या किंवा लाकडाच्या सुयांवर टाके पटकन घसरत नाहीत, गंजही चढत नाही. साध्या पोलादाच्या सुयांना खारी हवा लागली की आठवड्यात तांबूस डाग पडतात आणि तो डाग लोकरीवर उतरतो. पोलादाचा आणखी एक घोळ प्रश्न १० मध्ये आहे.

शेटलंड बेटांवरच्या बायका कमरेला एक चामड्याचा पट्टा बांधत. त्यावर घोड्याच्या केसांनी भरलेली, भोकं पाडलेली गादी असते. दोन टोकांच्या सुईचं एक टोक त्या भोकात खोचलं की उजवी सुई पट्टाच धरतो. त्या बायका पाठीवर ओझं घेऊन चालता चालता अशा विणत. मी एक जुना पट्टा घेतला. सवय व्हायला महिना लागला, पण बोट हेलकावली की एक हात कठड्यावर ठेवता येतो आणि टाके जागच्या जागी राहतात.

६. हलत्या बोटीवर टकळी फिरते का?

फिरते, पण तिचं ऐकावं लागतं.

लोंबती टकळी म्हणजे ओळंबाच. बोट वाऱ्याने १५-२० अंश कलते, तुम्हीही बोटीबरोबर कलता, टकळी मात्र सरळ खाली लोंबते. म्हणजे तुमच्या दृष्टीने ती तिरकी होऊन मांडीवर आपटते किंवा पायऱ्यांच्या भोकात शिरते. त्यातून बोट डोलायला लागली की टकळी झोके घेते, आणि धागा जितका लांब तितका झोका मोठा. म्हणून धागा वीतभरच सोडायचा आणि लगेच गुंडाळायचा. वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे वरच्या कडेला बसा, टकळी दोन गुडघ्यांच्या मध्ये फिरवा, आणि बोट सरळ चालत असतानाच काता. धनगर मंडळी मेंढरांमागे डोंगर चढता-उतरता लोकर कातत आली आहेत, त्यामुळे हलत्या जमिनीवर कातणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. फरक इतकाच की डोंगर अचानक डावीकडे कलत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे टेकवलेली टकळी. हिचं टोक वाटीत टेकून फिरतं, त्यामुळे धाग्यावर वजन येत नाही आणि हिसका बसला तरी तुटत नाही. ज्यांनी शाळेत पितळी चकतीच्या टकळीवर कापूस कातला आहे त्यांना हे सांगायला नकोच. वाटी मांडीवर ठेवली तर उडते. मी ती ओल्या टॉवेलच्या चुंबळीवर ठेवते.

टकळी २५ ते ३५ ग्रॅमची पुरे. हलकी टकळी पटकन थांबते, जड टकळी हिसक्याला धागा तोडते. लोकर लांब तंतूंची घ्या. ब्लूफेस्ड लेस्टर मेंढीची चांगली, कारण लांब तंतू एकमेकांना धरून राहतात आणि थोडा कमी पीळ पडला तरी माफ करतात. पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीच्या वळ्या, घरूनच करून न्या. बोटीवर पिंजायला बसलात तर तंतू चहात, शिडात आणि नवऱ्याच्या दाढीत सापडतात.

राहता राहिली दुसरी टकळी, तोंडाची. ती कुठल्याही वाऱ्यात चालते.

७. मग चरखा नेला तर?

पायाचा मोठा चरखा नको. घडीचा चरखा येतो, पण तो फक्त नांगर टाकल्यावर, आणि खाली न घसरणारी रबरी चटई हवीच. विजेवर चालणारी छोटी कताई यंत्रं बहुतेक १२ व्होल्टची असतात आणि बोटीची बॅटरीही १२ व्होल्टची, त्यामुळे लोकांना वाटतं सरळ जोडावं. जोडू नका. इंजिन चालू असताना चार्ज होणाऱ्या बॅटरीचा दाब १४ व्होल्टच्या वर जातो. मधे व्होल्टेज स्थिर ठेवणारं यंत्र लावा, आणि कर्णधाराला विचारून लावा. रात्रीच्या दिव्यांची वीज तुम्ही कातून संपवलीत तर सकाळी बोलणी बसतील.

आपला पेटी चरखा, गांधीजींनी येरवडा तुरुंगात असताना ज्यावर काम केलं तो, बोटीला फार छान शोभतो. पेटी बंद केली की कपाटात उभी राहते. पण चाती, म्हणजे सूत कातणारी सळई, टोकदार असते आणि धागा हातभर बाजूला ओढावा लागतो, म्हणून तोही शांत खाडीतच. एक गोम आहे: शांत खाडी, पडलेला वारा आणि संध्याकाळ हे तिन्ही जमले की मिज नावाची चिलटं ढगाने येतात. वारा जरा सुटला की ती उडत नाहीत. म्हणजे चरख्याला हवी ती हवा चिलटांनाही हवी. अशा वेळी जाळी लावून खालीच बसावं.

८. किती लोकर घेऊ? आणि ओली झाली तर?

दोन आठवड्यांना मोज्यांची २०० ग्रॅम आणि कातायला १०० ग्रॅम. मी आजवर एकदाही ती संपवलेली नाही, आणि दरवर्षी टोबरमोरीत आणखी घेते.

ओलीचं म्हणाल तर गोड्या पाण्याला घाबरू नका. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पिऊनही हाताला कोरडी लागते. खारं पाणी वेगळं. मीठ हवेतली ओल ओढत राहतं, त्यामुळे खाऱ्या पाण्याने भिजलेला मोजा कितीही वाळत घाला, संध्याकाळी पुन्हा दमट. एकदा गोड्या पाण्यातून काढला की सुटका. टाकीतलं पाणी मोजकं असतं, म्हणून बंदर येईपर्यंत तो तसाच राहू द्या. पिशवी तोंड वळून बंद होणारी, पाणी न शिरणारी हवी.

९. गुंडा पाण्यात पडला तर काय करायचं?

धागा ओढू नका, हळूहळू हातावर गोळा करा. इंजिन चालू असेल तर आधी ओरडून सांगा, कारण बोटीखालच्या पंख्यात लोकर गुंडाळली गेली तर ती काढायला कुणाला तरी थंडगार पाण्यात उतरावं लागेल. गुंडा पडू नये म्हणून तो पिशवीतच ठेवा आणि फक्त धागा बाहेर येऊ द्या. धागा विंचच्या, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या चरखीच्या, जवळून कधी जाऊ देऊ नका.

तुटलेले तुकडे पाण्यात टाकायचे नाहीत. ॲक्रिलिक हे प्लास्टिक आहे आणि समुद्रात प्लास्टिक टाकायला 'मार्पोल' या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे. "माझी तर शुद्ध लोकर" म्हणाल, पण मशीनमध्ये धुता येणाऱ्या बऱ्याचशा लोकरीवर प्लास्टिकचाच पातळ थर असतो.

१०. विणकामाच्या सुयांनी होकायंत्र बिघडतं म्हणे. खरं की थट्टा?

खरं आहे, आणि सुयांपेक्षा मोठी चोर आहेत पिशवीची चुंबकी बटणं आणि नमुना लावायची चुंबकी पाटी. एकदा आमचं स्वयंचलित सुकाणू तासभर वेड्यासारखं वागत होतं. नवऱ्याने वायरी तपासल्या, मुलाने माहितीपत्रक वाचलं. शेवटी कळलं की त्याचं होकायंत्र बाकाखाली बसवलं आहे आणि मी नेमकी त्याच बाकावर पाटी ठेवली होती. आता पाटी घरी असते आणि नमुना साध्या चिमट्याने लावते. बोटीवरची सगळी होकायंत्रं कुठे आहेत ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. एक दिसतं, दुसरं लपलेलं असतं.

११. लाइफजॅकेट घालून विणता येतं का? आणि थांबायचं कधी?

येतं. आपोआप फुगणारं जॅकेट सपाट असतं, कोपरं मोकळी राहतात. धागा मात्र गळ्यातून किंवा मनगटाला वेढा देऊन घेऊ नका. पोर्तुगीज पद्धतीने विणणाऱ्या काही जणी धागा मानेमागून घेतात. घरी खुशाल घ्या, बोटीवर नाही.

थांबायची वेळ: बंदरात शिरताना, बोट वळताना, दुसरी मोठी बोट जवळ आली की, आणि भरतीच्या प्रवाहाजवळ. जुरा आणि स्कार्बाच्या मधल्या कॉरीव्रेकनच्या भोवऱ्याजवळून जाताना आम्ही सगळेच नुसते पाण्याकडे बघत होतो, आणि तेच बरोबर होतं.

१२. मग जाळीची वीण किंवा रंगीत फेअर आयल विणायचंच नाही का?

नांगर टाकल्यावर विणा. फेअर आयल तर याच समुद्रापलीकडचं एक चिमुकलं बेट, तिथली रंगीत नक्षी विणण्याचा मोह होणारच. दर दहा ओळींनी टाक्यांतून एक जाड दोरा ओवून ठेवा. टाके गळले तर उसवून तिथपर्यंतच यावं लागतं. विणणाऱ्या त्या दोऱ्याला 'लाइफलाइन' म्हणतात. बोटीच्या कठड्याच्या तारेलाही तेच नाव आहे. दोन्ही पकडूनच बसा.

१३. मुंबईहून येतेय. विमानात सुया नेऊ देतात का?

ब्रिटनच्या विमानतळांच्या नियमात विणकामाच्या सुया हातसामानात चालतात आणि ६ सेंटीमीटरपर्यंत पात्याची कात्रीही चालते. पण येताना मुंबईचा तपासनीस, वाटेत तिसऱ्याच देशातला तपासनीस, अशा तीन चाळण्या असतात. अर्धवट काम सुईसकट जप्त झाल्याचं दुःख नको असेल तर सुया मोठ्या बॅगेत टाका आणि हातात टाके एखाद्या जाड दोऱ्यावर ओवून ठेवा.

१४. बुडालेल्या कोळ्याची ओळख त्याच्या स्वेटरच्या नक्षीवरून पटायची, हे खरं आहे का?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे कोळी घालत त्या स्वेटरला गँसी म्हणतात: गडद निळी पाचपदरी लोकर, बारीक पोलादी सुया, शिवण नाही, आणि वीण इतकी घट्ट की वारा शिरत नाही. बाही खांद्याकडून मनगटाकडे विणतात, म्हणजे मनगटाची कड झिजली की तेवढीच उसवून पुन्हा विणता येते. ही युक्ती मी आमच्या सगळ्या स्वेटरांना लावली आहे.

प्रत्येक गावाची ठरलेली नक्षी होती आणि त्यावरून प्रेत ओळखत, ही गोष्ट मात्र फुगवलेली आहे. हेरिंग मासे साफ करणाऱ्या मुली मोसमाबरोबर शेटलंडपासून इंग्लंडच्या यार्मथपर्यंत बंदरोबंदरी जात, मोकळ्या वेळात विणत, आणि नक्ष्याही त्यांच्याबरोबर फिरत. काही गँसींवर मात्र घालणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं विणलेली असत, त्यावरून ओळख पटणं शक्य आहे. या गोष्टीचं एक मूळ १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या आयरिश नाटकात सापडतं. त्यात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते, पण स्वेटरवरून नाही. ओळखते ती मोज्यावरून, कारण तो विणताना तिचे चार टाके गळलेले असतात. मला ही खूण नक्षीपेक्षा खरी वाटते. स्वतःच्या चुका कोण विसरतं?

१५. विणकाम येत नाही, क्रोशा येतो. चालेल?

उलट जास्त बरा. एका वेळी एकच टाका उघडा असतो, त्यामुळे प्रश्न ४ च्या परीक्षेत क्रोशा पहिला येतो. माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या तेव्हा त्यांनी आमच्या बोटीवर दोन दिवसांत एक गोल रुमाल पुरा केला. मी त्याच दोन दिवसांत टाच दोनदा उसवली.

१६. आम्ही मुंबईत असतो. मे महिन्यात तिथे असं काही जमेल का?

लोकर विसरा. घामाने ओल्या बोटांना ती चिकटते आणि सुईवरून सरकत नाही. सुती धागा घ्या, किंवा टेकवलेल्या टकळीवर कापूस काता (कशी, ते प्रश्न ६ मध्ये). कापसाचे तंतू आखूड असतात, त्यांना लोंबत्या टकळीचं वजन पेलत नाही. मुंबईच्या बंदरात सकाळी वारा हलका असतो, दुपारी समुद्राकडून जोर धरतो. तेव्हा कातणं सकाळी, नंतर फक्त दोर. मेअखेर मोसम संपतो. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते, तेव्हा शिडाचं नाव काढू नका.

१७. बेटावर मेंढीची न धुतलेली लोकर मिळाली. बोटीवर धुऊ का? आणि भारतात नेता येईल का?

धुऊ नका. टाकीतलं पाणी संपेल, आणि गरम पाण्यात हिंदकळलेली लोकर धुतली न जाता नमदा होते. तुपकट लोकर तशीच कातता येते. हात मऊ होतात, धागाही छान ओढला जातो, फक्त मेंढीचा वास सहन व्हायला हवा. कातून झाल्यावर घरी लड धुवा. कच्ची लोकर ही प्राणिजन्य वस्तू असल्याने सीमा ओलांडताना तिला नियम असतात. न्यायचीच असेल तर धुऊन, कातून न्या. येताना दख्खनी मेंढीची कच्ची लोकर आणायचा विचार असेल त्यांनाही हेच उत्तर.

तोवर ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उन्हात नको. आणि डबा नवऱ्याच्या उशाखालच्या कप्प्यात तर मुळीच नको.